नाताळच्या सुट्टीत १७ माणसं गावी येणार : हुरडा, अंघोळी, अंथरुणं, सगळ्याचा मेळ कसा घालावा?

रानवाट (प्रश्न)

यंदा २५ डिसेंबर शुक्रवारी येतोय. शनिवार-रविवार धरून तीन दिवस सगळ्यांनी गावी जमायचं ठरलं आहे. गाव बार्शी तालुक्यात, घर वस्तीवर. दोन नणंदा आणि त्यांची कुटुंबं, मामेसासरे-मामेसासूबाई, सासूबाई-मामंजी आणि आम्ही दोघी जावा, असे मिळून १७ जण. त्यात ६ मुलं, धाकटं अडीच वर्षांचं. मुलांना हुरड्याचं फार अप्रूप आहे, म्हणून शनिवारी रानात हुरडा करायचा बेत आहे.

विचारायचं असं की तोवर ज्वारी हुरड्याला येते का? १७ जणांना कणसं किती लागतील, आगटी (कणसं भाजायचा गोवऱ्यांचा खड्डा) कशी करायची? घरात एकच न्हाणीघर, २५ लिटरचा एक गीझर आणि अंगणात जुना तांब्याचा बंब आहे, त्यात अंघोळी कशा उरकायच्या? आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे सासूबाईंची. वय ७२, गुडघे दुखतात, पण पाहुणे आले की चुलीपुढून उठत नाहीत. त्या आणि थोरल्या जाऊबाई तीन दिवस स्वयंपाकघरातच अडकू नयेत असं मनापासून वाटतं.

काळी_माती

ताई, आधी सांगा : ज्वारी कोणती आणि पेरा कधीचा? हुरडा तारीख बघून येत नाही, पेरा बघून येतो.

रानवाट

मालदांडी. ५ ऑक्टोबरचा पेरा.

काळी_माती

मग घरच्या रानावर विसंबू नका. मालदांडीला फुलोरा यायला ७०-७५ दिवस लागतात आणि तिथून दाणा हुरड्याला यायला आणखी तीन आठवडे. ५ ऑक्टोबरपासून २५ डिसेंबरला ८१ दिवस होतात. म्हणजे दाण्यात तेव्हा नुसतं दूध असेल, किंवा तेही धड भरलेलं नसेल. असलं कणीस भाजलं की दाणा आक्रसतो, चोळताना फुटून हाताला चिकटतो आणि तोंडात फक्त साल राहते. तुमचा हुरडा संक्रांतीच्या अलीकडे-पलीकडे उत्तम येईल.

शनिवारसाठी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पेरलेली खास हुरड्याची ज्वारी शोधा. गूळभेंडी, सुरती ही जुनी वाणं किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले उत्तरा, फुले मधुर. ही ९० ते १०० दिवसांत हुरड्याला येतात. मालदांडीपेक्षा यांचा दाणा गोड, आणि मुख्य म्हणजे बोंडातून (दाण्यावरच्या टरफलातून) सहज सुटतो. मालदांडीचा हुरडा चवीला चांगलाच, पण चोळायला हात दुखतात. १७ माणसांना हा फरक चांगलाच जाणवेल. आजूबाजूच्या गावात कुणीतरी बांधाच्या कडेला चार ओळी पेरलेल्या असतात, आत्ताच बोलून ठेवा.

१५ तारखेच्या सुमाराला स्वतः रानात जाऊन दाणा बघा. कणसाचा शेंडा आधी भरतो आणि बुडखा मागाहून, म्हणून दाणा कणसाच्या मधला घ्यायचा. नखाने दाबल्यावर पांढरं दूध उडालं तर कोवळा, अजून आठ-दहा दिवस. मऊ लोण्यासारखा गर आला, बोटाला किंचित चिकटला, तर हुरडा तयार. कच्चकन तुटला आणि आत पिठूळ दिसला तर निबर झाला. ही मधली अवस्था आठवडाभरच टिकते, म्हणून एकाच रानावर भिस्त ठेवू नका, दोन ठिकाणी सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट रानवाल्याला स्पष्ट विचारा : चिकट्यासाठी (मावा किडीमुळे पानं चिकट होतात, त्यासाठी) फवारणी केली आहे का आणि कधी? कणीस निसवल्यावर, म्हणजे बाहेर पडल्यावर, फवारलं असेल तर ते रान सोडून द्या. मुलं खाणार आहेत, इथे भिडेखातर गप्प बसू नये. काणी पडलेली, काळी भुकटी असलेली कणसंही रानातच बाजूला काढा.

आगटीकाठी

कणसांचा हिशेब : मोठ्या माणसाला पाच-सहा, मुलाला दोन. ११ मोठ्यांची ६६ आणि मुलांची १२, म्हणजे ७८. किडकी, कोवळी, करपलेली धरून ९० तोडा. तोडणी त्याच दिवशी सकाळी, दव उतरल्यावर. आदल्या संध्याकाळी तोडून ठेवली तर गोडी उतरते. वीतभर दांडा ठेवून कापा, कारण आगटीत धरायला तोच लागतो. आणली की सावलीत, ओल्या पोत्याखाली.

आगट्या दोन करा. एका आगटीभोवती १७ जण बसले की मागच्यांना धूर आणि पुढच्यांना चटका. खड्डा दीड फूट रुंद, पाऊण फूट खोल. गोवऱ्या ४० ते ५० लागतील, पण पूर्ण वाळलेल्या. डिसेंबरात ढिगाच्या खालच्या गोवऱ्या दमट असतात, त्यांचा धूर डोळ्यांत जातो आणि हुरड्यालाही वास लागतो. दोन दिवस आधी उन्हात पसरा. पेटवायला तुरकाट्या किंवा वाळलेला पाला पुरतो. रॉकेल अजिबात नको, तो वास शेवटच्या कणसापर्यंत टिकून राहतो.

खाण्याच्या वेळेआधी पाऊण तास तरी आगटी पेटवा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. जाळ दिसला की लोक कणसं घालतात. जाळावर वरची कूस (बारीक तुसं) जळते, दाणा बाहेरून काळा आणि आतून कच्चा राहतो. जाळ पूर्ण बसून लाल आर झाला आणि वर राखेचा पातळ थर आला की मग कणसं आरात खुपसायची, दांडे बाहेर. एका वेळी आठ-दहा. चार-पाच मिनिटं लागतात, मध्ये दोनदा फिरवायचं. हिरवा रंग थोडा काळपट होतो, दाणे तटतटतात आणि गोडसर वास सुटतो. बाहेर काढून दांड्यानेच दगडावर आपटायचं म्हणजे राख झडते.

चोळणं गरम असतानाच. कणीस निवलं की बोंड दाण्याला धरून बसतं. पालथ्या टोपलीवर किंवा स्वच्छ पोत्यावर कणीस ठेवून दोन्ही तळव्यांनी दाबत पुढे-मागे फिरवायचं. हात भाजतो, म्हणून जाड सुती फडकं घ्या. मग सुपात घेऊन दोन-तीनदा पाखडलं की बोंडं उडतात आणि खाली ओलसर, हिरवा, चकचकीत दाणा राहतो. तो तिथल्या तिथे तोंडात गेला पाहिजे. एका आगटीला भाजणारा एक, चोळणारे दोन आणि पाखडणारा एक. म्हणजे दोन आगट्यांना आठ माणसं. ही कामं जावई, भाचे, दीर यांनी घ्यायची. वीस मिनिटांत हात बसतो.

पाखडताना वारा पाठीशी घ्या आणि मुलांना समोर बसू देऊ नका, कूस डोळ्यांत-घशात जाते. अंगाला खाज सुटली तर चोळू नका. आधी फडक्याने झाडा, मग धुवा, मग खोबरेल. आगटी कडब्याच्या गंजीपासून आणि उभ्या पिकापासून निदान ४० पावलं लांब हवी, पाण्याच्या दोन बादल्या हाताशी. मुलांच्या अंगात नायलॉनची जाकिटं नकोत, ठिणगी पडली की ती वितळून कातडीला चिकटतात. लोकरी स्वेटर किंवा जाड सुती कपडे चालतील. उठताना आरावर पाणी ओतून माती ओढा. वरून विझलेली आगटी आतून संध्याकाळपर्यंत गरम असते.

खलबत्ता

हुरड्याच्या दिवशी सकाळी भरपेट पोहे-उपमा केलात तर दुपारी कणसं शिल्लक राहणार, हे नक्की समजा. सकाळी चहा, मुलांना दूध आणि फार तर एकेक डिंकाचा लाडू. साडेदहाला हुरडा सुरू, एकपर्यंत चालतो. जेवण अडीच-तीनला आणि हलकं.

हुरड्याबरोबर लागतं ते आधीच करून ठेवता येतं. शेंगदाण्याची चटणी अर्धा किलो दाण्यांची करा. दाणे मंद आचेवर खमंग भाजा, सालं काढा, दोन गड्डे लसूण, दोन चमचे जिरं, तीन-चार चमचे लाल तिखट, मीठ. उखळात किंवा खलबत्त्यात तेल सुटेस्तोवर कुटा. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा. एकदम फिरवलं की लगदा होतो. लसूण-खोबऱ्याची आणि जवसाची चटणी थोडी थोडी, पाव-पाव किलो पुरे. गूळ अर्धा किलो चिरून. रेवड्या, गोडीशेव हे मुलांसाठी. बोरं, पेरू, उसाची कांडी मिळाली तर छानच. हरभऱ्याचे डहाळे घाट्यांनी भरले असतील तर तेही त्याच आगटीत भाजा, त्याला हावळा म्हणतात. आणि आगटीच्या कडेला वांगी लावून टाका, तीन किलो. हुरडा संपेस्तोवर ती भाजून निघतात आणि दुपारच्या भरताची सोय होते.

दही घरी लावणार असाल तर थंडीचा हिशेब ठेवा. १७ जणांच्या दह्या-ताकाला तीन लिटर दूध. दूध उन्हाळ्यापेक्षा थोडं जास्त गरम असताना, बोट बुडवून सहन होईल इतपत, लिटरला दोन चमचे विरजण लावा आणि भांडं गोधडीत गुंडाळून ज्वारीच्या पोत्याशेजारी ठेवा. बारा तास धरून चाला, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत विरजण लागलं पाहिजे. रात्री जेवणं झाल्यावर लावलं तर सकाळी दूध दूधच राहील. हुरड्यानंतर पाण्यापेक्षा जिरं घातलेलं ताक बरं.

आता भाकरी. एक किलो पिठाच्या मध्यम नऊ-दहा होतात. माणशी दोन म्हटलं तर एका वेळेला ३४ भाकरी, साडेतीन किलो पीठ. एका तव्यावर भाकरीला तीन मिनिटं धरली तरी पावणेदोन तास सलग चुलीपुढे. सासूबाईंच्या गुडघ्यांचं दुखणं ते हेच. तुमच्या भागात कडक भाकरी मिळते, बार्शी-सोलापूरला बचत गटाच्या बायका करून देतात. आठवडाभर आधी ४० सांगून ठेवा, त्या कितीतरी दिवस टिकतात. शनिवारी दुपारी कडक भाकरी, वांग्याचं भरीत, पातळ पिठलं, ठेचा, ताक. कालवून खायला तीच बरी लागते. ताज्या भाकरी फक्त शुक्रवारी रात्री करा, त्याही दोन तव्यांवर आणि उभ्याने, गॅसच्या ओट्यावर.

मटणाचा बेत कुणी सुचवलाच तर आधी विचारून घ्या. हे तिन्ही दिवस मार्गशीर्षात येतात आणि बऱ्याच घरांत महिनाभर पाळतात.

गोधडी

अंघोळीचं गणित मांडते. हिवाळ्यात एका अंघोळीला साधारण १८ लिटर कोमट पाणी लागतं. त्यात ६० अंशाचं कढत पाणी ८ लिटर, बाकी गार. म्हणजे २५ लिटरच्या गीझरमध्ये तीन अंघोळी होतात आणि पुन्हा तापायला, २ किलोवॉटचा असेल तर, ३५-४० मिनिटं. १७ जणांना सहा फेऱ्या, जवळजवळ चार तास. नुसत्या गीझरवर भागणार नाही.

म्हणून बंब. त्याला आधी एकदा चिंच-मीठ लावून घासा, नळी आणि तोटी तपासा. बरीच वर्षं बंद असलेल्या बंबाची तोटी हमखास गळते. तांब्याची असेल तर गावातला तांबट डाग देऊन देतो. बंबाचं तत्त्व ध्यानात ठेवा : जेवढं कढत काढलं तेवढं गार वर लगेच ओतायचं. रिकाम्या बंबाखाली जाळ राहिला की सांधे सुटतात. पहाटे साडेपाचला एकाने पेटवला की नऊपर्यंत बंब आणि गीझर मिळून दहा-बारा जण सहज होतात. मुलांच्या अंघोळी सकाळी घालूच नका. हुरड्याहून राख-कूस घेऊन येतील, तेव्हा दुपारी चारला ऊन असताना अंगणात घाला. एक दिवस दोनदा पाणी तापवण्यापेक्षा हे सोपं.

बादलीत टाकायचा हीटर वापरणार असाल तर पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद आणि पिनही बाहेर. मुलं असलेल्या घरात तो न वापरलेलाच बरा.

झोपण्याबद्दल एक गोष्ट फार कळकळीने सांगते. रात्री गारठा वाढला म्हणून बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवू नका, थोडीशी खिडकी उघडी ठेवूनसुद्धा नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. शेकायचं ते अंगणात, झोपायच्या आधी.

थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. फरशीवर आधी ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक, त्यावर सतरंजी, त्यावर गादी. एवढं केलं तर अंगावर एक गोधडी आणि एक सोलापुरी चादर पुरते. गाद्या-गोधड्या २२-२३ तारखेला दोन दिवस कडक उन्हात, मध्ये एकदा उलटून. डांबरगोळ्यांचा वास एका दिवसात जात नाही आणि दम्याच्या माणसाला त्रास देतो. मामेसासरे-मामेसासूबाईंना संडासाजवळची, पायरी न लागणारी खोली द्या, वाटेत रात्रभर छोटा दिवा. मुलं सगळी एका ओळीत, भिंतीकडे धाकटं. अंथरुणं कमी पडत असतील तर येणाऱ्या गाडीवाल्यांना आत्ताच सांगा, एकेक चादर-उशी डिकीत टाका म्हणून. त्यात कमीपणा काही नाही.

थोरलं_घर

सासूबाईंच्या काळजीवर थोडं. "तुम्ही बसा" असं म्हटल्याने त्या बसणार नाहीत. पाहुण्यांना आपल्या हातचं मिळालं पाहिजे ही त्यांची माया आहे, ती काढून घेऊ नये. त्यांना बसून करायचं आणि फक्त त्यांनाच येतं असं काम द्या. कणीस तयार आहे का, आर बसला का, चटणीत मीठ बरोबर आहे का, हे त्या सांगतील. आगटीपाशी पाठीला टेकू असलेली खुर्ची ठेवा, बाजेवर बसून गुडघे जास्त दुखतात. त्यांचा पहिला घास आगटीवरच झाला पाहिजे. नाहीतर सगळे रानात आणि त्या घरी दुपारच्या स्वयंपाकात, असं दर वेळी होतं.

कामाची वाटणी सगळे येण्याआधी ठरवा आणि कुटुंबांच्या गटावर आत्ताच टाका. शुक्रवार रात्र थोरल्या जाऊबाई आणि तुम्ही, शनिवार सकाळचा चहा एक नणंद, रविवारचा नाश्ता आणि आवराआवर दुसरी. हे तुम्ही सांगू नका, तुमच्या दिरांनी किंवा यजमानांनी आपल्या बहिणींना सांगावं. सुनेच्या तोंडून तेच वाक्य वेगळं ऐकू जातं. माहेरवाशिणींना खरंतर माहेरच्या स्वयंपाकघरात वावरायला आवडतंच, फक्त त्यांना आधी विचारलेलं असावं. भांड्यांसाठी तीन दिवस गावातली बाई ठरवा, वर्गणी सगळ्यांत. आणि पुरुषांनी ताटं घ्यायची, पाणी तापवायचं, अंथरुणं घालायची-काढायची.

येणाऱ्यांना एकच विनंती करा : मिठाईचे डबे आणू नका. ते फ्रिज अडवतात आणि शेवटी वाया जातात. त्याऐवजी एकाने चहा-साखर, एकाने तेल, एकाने फळं. आणि ज्यांना रेल्वेने यायचंय त्यांनी आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं हे ध्यानात ठेवावं. नाताळ आणि शनिवार-रविवार एकत्र आले की मुंबई-पुण्याहून कुर्डुवाडीकडे येणाऱ्या गाड्या लगेच भरतात.

रानवाट

सगळ्यांचे खूप आभार. शेजारच्या वस्तीवर फुले मधुर मिळाली, २० सप्टेंबरचा पेरा आहे, फवारणी नाही. आज दोन शंका उरल्या. अडीच वर्षांच्या बाळाला हुरडा द्यावा का? मामंजींना साखर आहे, आणि मामेसासूबाईंना दात नाहीत. दुसरं म्हणजे उरलेला हुरडा नणंदांना पुण्याला देता येईल का?

खलबत्ता

बाळाला अख्खे दाणे नकोत, घशात अडकतात. चमचाभर दाणे पाट्यावर ठेचून दह्यात कालवून द्या, तेवढंच. मामेसासूबाईंसाठी थालीपीठ : दोन वाट्या हुरडा भरड वाटा, अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, पाव वाटी बेसन, कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, मीठ. पाणी घालू नका, हुरड्याचा ओलावा पुरतो. थापून झाकण ठेवून मंद आचेवर, मऊ राहतं. मामंजींनी हुरडा हेच दुपारचं जेवण समजावं : एक मोठी वाटी, बरोबर चटणी आणि दही. गूळ, रेवड्या, ऊस नको आणि वर भाकरीही नको. गोळ्या-इन्सुलिनची वेळ मात्र हुरड्यासाठी पुढे ढकलू नये.

आगटीकाठी

पुण्याला न्यायचा हुरडा शेवटी उरला तो नको, तो गार होऊन कडक झालेला असतो. त्यासाठी २० कणसं वेगळी मोजा आणि पहिल्या आरावर भाजा. चोळून, पाखडून, ताटात पसरून पूर्ण निवू द्या. वाफ असताना पिशवीत भरला तर संध्याकाळपर्यंत आंबतो. पाव-पाव किलोच्या पिशव्या, हवा काढून, रात्री बर्फाच्या कप्प्यात. रविवारी निघताना वर्तमानपत्रात गुंडाळून थर्मोकोलच्या डब्यात. घरी पोचल्यावर पुन्हा बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा आणि खायच्या वेळी न वितळवता थेट गरम तव्यावर, वर पाण्याचा हबका मारून दोन मिनिटं झाकण. महिनाभर चांगला राहतो. आणि तुमची मालदांडी जानेवारीत येईलच, तेव्हा ज्यांना या वेळी सुट्टी मिळाली नाही त्यांच्यासाठी चार ओळी राखून ठेवा.